टायमिंग सटकतं म्हणजे नेमकं काय होतं?

गॅरेजमधून फोन येतो, "साहेब, टायमिंग सटकलंय, हेड खोलावं लागेल." त्यापुढे सांगितलेला खर्चाचा आकडा ऐकून गाडीमालक गप्प होतो, कारण विचारायचं काय हेच त्याला ठाऊक नसतं. काल संध्याकाळपर्यंत गाडी ठणठणीत होती. कुठे ठोकली नाही, इंजिन तापलं नाही, ऑइलही वेळेवर बदललेलं. मग टायमिंग बेल्ट नावाच्या एका रबरी पट्ट्यापायी इंजिन खोलायची पाळी का यावी? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर समजून घ्यायला मेकॅनिक असावं लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की टायमिंग बेल्ट स्वतःच्या दोषाने क्वचित जातो. बहुतेक वेळा त्याच्या शेजारची एखादी स्वस्तातली वस्तू आधी बिघडते आणि बेल्टला सोबत घेऊन जाते. हे कळलं की बेल्ट कधी बदलायचा आणि त्याच्यासोबत काय काय बदलायचं, याचा निर्णय आपला आपल्याला घेता येतो.

इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वर-खाली होतात आणि त्या हालचालीने क्रँक गोल फिरतो. चाकांकडे जाणारी ताकद इथूनच निघते. वर, हेडमध्ये म्हणजे इंजिनाच्या माथ्याच्या भागात, कॅमशाफ्ट असतो. त्याच्यावर अंडाकृती उंचवटे असतात. उंचवटा फिरत खाली आला की व्हॉल्व्ह दाबला जाऊन उघडतो, उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग त्याला परत मिटवते. इनलेटचा व्हॉल्व्ह उघडला की हवा आत येते, एक्झॉस्टचा उघडला की जळालेला वायू बाहेर जातो.

सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट हे चार स्ट्रोक आयटीआयमधल्या मोटर मेकॅनिकच्या मुलांना झोपेतही आठवतात. हे चार पूर्ण व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात. या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो, म्हणून कॅमचा फेरा एकच. कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा दुप्पट दात असतात ते याचसाठी. क्रँकला २० असतील तर कॅमला ४०. क्रँक आणि कॅम यांचा हा मेळ म्हणजेच टायमिंग. टायमिंग बेल्ट या दोन पुल्यांना जोडतो, आणि बेल्टच्या आतल्या बाजूचे दात पुलीच्या दातांत बसत असल्यामुळे ताण नीट असेतोवर तो घसरत नाही.

वेगाचा अंदाज घ्या. इंजिन ३,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असतं तेव्हा क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. पिस्टन वर येतो त्या क्षणाच्या आसपास एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनलेटचा उघडू लागलेला असतो. म्हणजे दोन्ही थोडे थोडे उघडे, आणि खालून पिस्टन त्यांच्या रोखाने वर आलेला. एका उखळात दोघी जणी आळीपाळीने कांडतात तेव्हा दोन्ही मुसळं त्याच जागेत उतरतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. ठेका चुकला तर मुसळावर मुसळ आदळतं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचं नातं अगदी तसंच आहे. सगळ्याच इंजिनांत नव्हे, हे खरं. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यात पुरेशी जागा सोडलेली असे. तिथे बेल्ट तुटला तर गाडी फक्त बंद पडायची. नवा बेल्ट टाकला, मार्क म्हणजे पुल्यांवरच्या खुणा मिळवल्या की पुन्हा सुरू. पण कॉम्प्रेशन वाढवायचं, मायलेज काढायचं तर ही जागा कमी करावी लागते. डिझेलमध्ये तर पिस्टन हेडच्या इतका जवळ येतो की चुकीच्या वेळी उघडा राहिलेला व्हॉल्व्ह वाचणं जवळपास अशक्य.

हा बेल्ट दिसायला साधा आहे, पण बनवलेला विचारपूर्वक. अंग खास प्रकारच्या रबराचं, उष्णता आणि थोडंफार ऑइल सोसणारं. आत लांबीच्या दिशेने काचतंतूंचे दोर, म्हणून तो ताणून लांब होत नाही. दातांवर नायलॉनच्या कापडाचा थर, म्हणजे घासून झीज होऊ नये. रस्त्यावरच्या गाडीत दातेरी बेल्टवर कॅम फिरवायची सुरुवात १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीने झाली. त्याआधी चेन असे किंवा गिअर असत. चेनपेक्षा बेल्ट हलका, आवाज कमी, त्याला ऑइल पाजावं लागत नाही, आणि स्वस्त. १९६० च्या दशकातच फियाटने तो उचलला आणि पुढे जगभर पसरला.

आपल्याकडे मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिकाचं डिझेल या सगळ्या बेल्टच्या गाड्या. महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनलेली लोगन आणि पुढे आलेली डस्टर यांतलं रेनॉचं १.५ डिझेल बेल्टवर चालतं. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय पेट्रोललाही बेल्टच आहे. उलट रांजणगावला बनलेलं आणि स्विफ्ट, डिझायरपासून पुंटोपर्यंत किती तरी गाड्यांत बसलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट चेनचं. मारुतीची के सिरीजची पेट्रोल इंजिनंही चेनचीच. आपल्या गाडीत काय आहे हे मॅन्युअलमध्ये सापडतं, आणि ते एकदा बघून ठेवलेलं बरं.

आता सटकण्याकडे येऊ. बेल्टचा एक दात पुलीच्या एका खाचेतून निघून शेजारच्या खाचेत जाऊन बसला, एवढाच त्याचा अर्थ. पण २० दातांच्या क्रँकला एक दात म्हणजे १८ अंश. बहुतेक वेळा कॅम मागे पडतो, कारण क्रँक ओढणारा आणि कॅम ओढला जाणारा. क्रँकची पुली लहान असते, तिच्यावर बेल्टचे मोजकेच दात एका वेळी धरलेले असतात. सटकायचं असेल तर बहुधा तिथेच सटकतं.

कॅम क्रँकच्या मापाने १८ अंश मागे पडला की इनलेटचा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर येऊन हवा दाबायला लागतो तरी दार उघडंच, त्यामुळे आत घेतलेली काही हवा आल्या वाटेने परत जाते. कॉम्प्रेशन उतरतं. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, इंजिन थरथरतं, खालच्या गिअरला पिकअप मिळत नाही, घाटात गाडी ओढ घेत नाही. जास्त सटकलं तर इनलेटकडे किंवा सायलेन्सरमध्ये फटाके वाजल्यासारखे आवाज येतात. नव्या गाड्यांत क्रँकला आणि कॅमला वेगवेगळे सेन्सर असतात. इंजिनचा कॉम्प्युटर दोघांचा मेळ सतत तपासतो आणि तो बसला नाही की चेक इंजिनचा दिवा लावतो. स्कॅनर लावल्यावर पी ००१६ हा कोड आला तर त्याचा अर्थ क्रँक आणि कॅम यांची गणितं जुळत नाहीत, एवढा धरायचा. सेन्सर किंवा वायरिंग खराब असूनही तो येतो, पण बेल्ट न बघता नुसता सेन्सर बदलून गाडी परत देणं मला धोक्याचं वाटतं. एक दात गेलेली बरीच इंजिनं चालत राहतात आणि चालतात म्हणून लोक चालवतात. दोन-तीन दात गेले की व्हॉल्व्ह पिस्टनला टेकायला लागतो.

मग दात निसटतो तरी का?

सर्वांत मोठं कारण ताण कमी होणं. बेल्ट योग्य ताणात ठेवायला टेन्शनर असतो, स्प्रिंगवर किंवा हायड्रॉलिक दाबावर चालणारी एक फिरती पुली. कॅम फिरवण्याचं ओझं एकसारखं नसतं. व्हॉल्व्ह दाबताना कॅम अडून बसतो, आणि व्हॉल्व्ह मिटताना स्प्रिंगच कॅमला पुढे ढकलते. म्हणजे बेल्टला सेकंदाला कित्येक वेळा हिसका आणि ढील, हिसका आणि ढील. ही ढील टेन्शनर गिळतो. त्याची स्प्रिंग मेली, बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं किंवा बसवणाऱ्याने तो चुकीच्या खुणेवर आवळला, तर एखाद्या जोराच्या हिसक्याला बेल्ट पुलीवरून उचलला जातो. सेल्फ मारताना किंवा अचानक अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर टायमिंग सटकल्याचं ऐकू येतं ते यामुळे.

टेन्शनर बेल्टच्या ढिल्या बाजूला बसवलेला असतो हेही लक्षात ठेवण्यासारखं. क्रँक नेहमीच्या दिशेने फिरताना एक बाजू ताणलेली आणि दुसरी ढिली. इंजिन उलटं फिरलं तर हा हिशेब उलटतो, आणि ढील अशा बाजूला जाते जिथे तिला गिळायला कुणी नाही. घाटात चढाच्या तोंडाला पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक न ओढलेली गाडी मागे सरकली की इंजिनाला असाच उलटा झटका बसतो. धडधाकट बेल्टला त्याने काही होत नाही, पण टेन्शनर आधीच थकला असेल तर तेवढं पुरतं. म्हणून आधी हँडब्रेक, मग गिअर. धक्का मारून गाडी सुरू करतानाही क्लच सोडल्यावरचा हिसका थेट बेल्टवर जातो. जुन्या बेल्टच्या गाडीला धक्का देण्यापेक्षा जंपर लावून सुरू केलेलं चांगलं.

दुसरं कारण ऑइल. कॅम आणि क्रँकच्या तोंडाशी रबरी ऑइल सील असतात. ते कडक होऊन पाझरायला लागले की ऑइल थेट बेल्टवर उतरतं. रबर फुगून मऊ होतं, दातांची पकड मुळाशी ढिली पडते आणि मग दात सोलून निघतात. अशा वेळी नुसता बेल्ट बदलून भागत नाही. सील तसंच ठेवलं तर नवा बेल्टही त्याच ऑइलात न्हाणार.

तिसरं, वॉटर पंप. अनेक इंजिनांत तो टायमिंग बेल्टवरच फिरतो. त्याचं बेअरिंग सैल झालं तर पुली तिरकी होते आणि बेल्ट एका कडेने घासत जातो. बेअरिंग जाम झालं तर बेल्ट थांबलेल्या पुलीवर रगडला जातो आणि काही वेळातच दात गमावतो किंवा तुटतो. बेल्टची कड कुरतडल्यासारखी दिसली तर मी आधी पंप आणि आयडलर पुली, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली, हाताने हलवून बघायला सांगेन.

चौथं कारण बाहेरून येतं, आणि ते फार जणांच्या ध्यानातही येत नाही. अल्टरनेटर आणि एसीचा बाहेरचा बेल्ट जुना होऊन त्याच्या कडेचे धागे सुटतात. एखादा धागा क्रँक पुलीच्या मागून टायमिंगच्या कव्हरमध्ये ओढला जातो आणि टायमिंग बेल्ट व पुली यांच्यामध्ये अडकतो. त्या जागी बेल्ट उचलला जाऊन दात निसटतो. बाहेरचा पट्टा बदलायला किरकोळ खर्च येतो. त्याचे धागे लोंबताना दिसले तर आजचं काम उद्यावर ढकलू नका. टायमिंगचं प्लॅस्टिक कव्हर तुटलं म्हणून काढून टाकणारे गॅरेजवाले असतात. त्या मोकळ्या वाटेने चिखल आणि बारीक खडी आत जाते, तेव्हा कव्हर परत बसवून घ्या.

क्वचित एखाद्या इंजिनात बेल्ट अगदी शाबूत, मार्कही जुळलेले, तरी टायमिंग चुकलेलं सापडतं. तिथे क्रँकच्या पुलीची चावी तपासायची. चावी म्हणजे पुली आणि शाफ्ट यांना एकत्र बांधणारा पोलादाचा छोटा तुकडा. बोल्ट नीट आवळला नसेल तर ती खाच रुंदावते आणि पुली शाफ्टवर थोडी इकडेतिकडे होते. फोर्डच्या काही पेट्रोल इंजिनांत तर ही चावीच नाही, पुली केवळ बोल्टच्या आवळणीवर धरलेली. तिथे बोल्ट अंदाजाने आवळला किंवा जुनाच वापरला तर बेल्टचा काही दोष नसताना टायमिंग सटकतं.

आणि शेवटचं कारण माणसाचं, म्हणजे बसवतानाची घाई. चांगला मेकॅनिक बेल्ट कसा बसवतो ते एकदा शेजारी उभं राहून बघावं. एक नंबरचा पिस्टन वर आणून क्रँकची खूण ब्लॉकवरच्या खुणेशी मिळवतो, कॅमची खूण हेडवरच्या खुणेशी. काही इंजिनांत खुणांऐवजी दोन्ही शाफ्ट पिना घालून जागच्या जागी कुलूपबंद करावे लागतात. तिथे पांढरा रंग लावून जुन्या बेल्टवरून खुणा उतरवणं ही पळवाट झाली. बेल्ट चढवताना ताणलेली बाजू आधी बसवतो, म्हणजे सगळी ढील टेन्शनरकडे जमा होते. मग टेन्शनर सोडून ताण देतो. यानंतरचं काम सर्वांत मोलाचं. सेल्फ न मारता, क्रँकच्या बोल्टला पाना लावून तो इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो, फक्त इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने. दोनच का, तर क्रँकचे दोन झाल्याशिवाय कॅमचा एक होत नाही. फिरवताना कुठे काही टणक अडलं तर जोर न लावता तिथेच थांबतो. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा मिळाल्या, टेन्शनरचा काटा योग्य जागी राहिला, तरच कव्हर बंद. खुणा अर्ध्या दातानेही हलल्या असतील तर सगळं पुन्हा. या कामाला पाच-दहा मिनिटं लागतात. ती वाचवणाऱ्याकडे मी माझी गाडी देणार नाही.

चेनवाल्यांना यातून सुटका आहे असं नाही. चेनच्या कड्यांमधल्या पिना झिजतात आणि चेन लांबते. तिचा टेन्शनर इंजिनच्याच ऑइलच्या दाबावर चालतो, तेव्हा ऑइल बदलायला टाळाटाळ केली की चेन आणि टेन्शनर दोन्ही एकदम थकतात. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना काही क्षण खडखड येऊन थांबते, ती चेनची तक्रार असू शकते. त्यातल्या त्यात चेन आवाज करून सांगते तरी. बेल्ट बहुधा काहीच सांगत नाही. तिसरा प्रकार ऑइलात भिजून चालणाऱ्या बेल्टचा, फोर्डच्या १.० इकोबूस्टमध्ये होता तसा. तिथे कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घालावं लागतं. भलत्या ऑइलने रबराचे कण सुटतात आणि ते ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात, म्हणजे बेल्टपाठोपाठ ऑइलचा दाबही धोक्यात.

बेल्ट बदलायचा कधी? बहुतेक कंपन्यांचे आकडे ६० हजार ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान आहेत, आणि बऱ्याच कंपन्या किलोमीटरसोबत वर्षंही देतात. यातलं जे आधी भरेल ते धरायचं. आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाणाऱ्या गाडीचे मालक इथे फसतात. दहा वर्षांत ३० हजार किलोमीटर झालेत म्हणून त्यांना बेल्ट नवाच वाटतो, पण रबराला वय असतं. बॉनेटखालच्या उष्णतेने ते कडक होत राहतं. ६० हजार किलोमीटर सरासरी ताशी ४० ने धावले तर १,५०० तास होतात. १,८०० आरपीएमची सरासरी धरली तर क्रँकचे १६ कोटी २० लाख फेरे. १२० दातांचा बेल्ट असेल तर त्याचा एकेक दात २ कोटी ७० लाख वेळा क्रँकच्या पुलीत शिरून बाहेर आलेला असतो. आपल्या बेल्टकडून अजून किती मागायचं ते या आकड्यावरून ठरवा. बदलताना बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप बेल्टवर चालणारा असेल तर पंपसुद्धा एकदम बदला. मजुरी एकदाच लागते, आणि जुन्या टेन्शनरवर नवा बेल्ट टाकणं मला पटत नाही.

जुनी गाडी घेताना हा प्रश्न आवर्जून विचारावा. इनोव्हाचं २००५ पासूनचं २.५ लिटरचं डिझेल उदाहरण म्हणून घ्या. टूरवाल्यांनी लाखो किलोमीटर पळवलेली ही गाडी. तिच्या मीटरवर टी-बेल्ट नावाचा दिवा असतो. ठरलेले किलोमीटर भरले की तो लागतो. पण तो दिवा फक्त किलोमीटर मोजतो, बेल्टची अवस्था त्याला कळत नाही, आणि तो बेल्ट न बदलताही विझवता येतो. म्हणून दिव्यावर विसंबू नका. बिल मागा, बिलावर तारीख, मीटरचा आकडा आणि किटमधल्या वस्तू लिहिल्यात का ते बघा. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं समजून गाडीच्या किमतीत तो खर्च धरा.

आणि तरीही रस्त्यात इंजिन एकदम बंद पडलं तर सेल्फचा आवाज ऐका. चांगल्या इंजिनात कॉम्प्रेशनमुळे सेल्फ अडखळत, ठेक्यात फिरतो. बेल्ट गेला असेल तर तो एका सुरात, मोकळा, भरभर फिरतो. असा मोकळा आवाज एकदा ऐकला की किल्ली पुन्हा फिरवायची नाही. क्रँक फिरेल तेवढ्या वेळा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळतील, आणि आधी न वाकलेले व्हॉल्व्हही वाकतील. टोइंगची गाडी बोलवा.

गॅरेजमध्ये लगेच हेड उतरवू देऊ नका. कव्हर काढून आधी बेल्ट बघता येतो. नवा बेल्ट हलक्या हाताने चढवून, खुणा मिळवून, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन किंवा गळती तपासता येते. प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून छोटा कॅमेरा आत घालून पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या कडेचे ओरखडे उमटलेत का तेही दिसतं. सगळे सिलिंडर नीट दाब देत असतील तर हेड उघडायची गरज नाही. दाब नसेल तर उघडावंच लागतं. मग उतरवलेले व्हॉल्व्ह समोर दाखवायला सांगा. वाकलेला व्हॉल्व्ह सपाट काचेवर लोळवला की डुलतो, डोळ्यांनी दिसतं. त्याच वेळी जुना बेल्ट, टेन्शनर आणि पंप यांपैकी आधी कोण गेलं हेही शोधून घ्या. टेन्शनर हाताने फिरवा, पंपाच्या पुलीला हलवा, बेल्टला ऑइल लागलंय का ते बोट फिरवून बघा. ते कारण हातात आल्याशिवाय नवा बेल्ट चढवू देऊ नका.